वर्गाच्या दारातली चंद्रीमावशी

बदलापूरची शेवटची बिल्डिंग मागं टाकून दोघी नदीकाठच्या वाटेला लागल्या, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तोवर चंद्रीमावशीनं डबा चार वेळा या हातातून त्या हातात घेतला होता, पण हर्षदाला काही धरू दिला नव्हता.

"मावशी, द्या की थोडा वेळ. मी काय घेऊन पळणार आहे का?"

"तुमी पळणार नाय, बाई. पण तुमाला ठेच लागली का डबा नदीत. तुमी चालताना खाली कुठं बघता?"

हर्षदा हसली. तिच्या टाचेला फोड आला होता आणि मावशी सकाळी अंधारात वाडीवरून निघून बदलापूरपर्यंत दोन-अडीच तास चालून आली होती, तरी तिचा पाय ढिला पडला नव्हता. बदलापूरच्या चौकात भेटल्यावर हर्षदानं रिक्षा करू म्हटलं होतं. मावशीनं तोंड वाकडं केलं. तिला गाडी लागायची. रिक्षात बसली की दोन वळणांत तिच्या पोटात ढवळायचं. "मी चालत येते, तुमी रिक्षानं जाऊन तिथं बसा," असं ती म्हणाली, आणि म्हाताऱ्या बाईला चालायला लावून आपण रिक्षात बसायचं हे हर्षदाला काही पटेना. म्हणून दोघीही चालत निघाल्या. वांगणीच्या अलीकडं नदीला लागून वीटभट्ट्या आहेत, तिथपर्यंत.

डबा बिस्किटांचा होता, जुना, पत्र्याचा. झाकण निघू नये म्हणून त्याला साडीच्या काठाची चिंधी आवळून बांधली होती. आत सतरा पोरांची शिक्षण हमी कार्डं होती. त्यातलं एक मावशीच्या नातीचं, स्वप्नालीचं.

बारवी धरणाच्या अंगाला जी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हर्षदा आठ वर्षं शिकवत होती. चंद्रीमावशी त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. कागदावर तिचं काम एवढंच.

हर्षदा मूळची माण तालुक्यातली. मराठी शाळेत शिकलेली, डीएड झालेली. ठाणे जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा तिला वाटलं होतं, मुलं मराठी, आपण मराठी, अडचण काय येणार? पहिल्या महिन्यातच तिचा धीर खचला. पहिलीची पोरं भिंतीला पाठ लावून बसायची आणि तोंड म्हणून उघडायची नाहीत. नाव विचारलं तरी गप्प. ही पोरं मंद आहेत, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढं कितीतरी वेळा देवापुढं हात जोडताना तिला ते आठवायचं आणि लाज वाटायची.

एके दिवशी पहिलीतल्या एका पोरीला बसल्या जागीच लघवी झाली. हर्षदा तिच्यावर ओरडली, "विचारता येत नाही का गं? बाई मी बाहेर जाऊ, एवढं म्हणता येत नाही?" पोरगी थरथरायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोपटातून मावशी डाव हातात घेऊन दारात आली.

"बाई, ती सकाळपासनं इचारतेय तुमाला."

"कधी? मला नाही ऐकू आलं."

"आयकलंत तुमी. ती तिच्या बोलीत इचारत होती. तुमाला वाटलं, रडतेय."

मग ती पोरीशी कातकरीत काहीतरी बोलली. पोरीनं मान वर केली, आणि महिनाभर मुकी वाटलेली ती पोर अशी घडाघडा बोलायला लागली की मावशीला तिला थांबवावं लागलं. काय म्हणते, असं हर्षदानं विचारलं. मावशी म्हणाली, "बाईंच्या डोक्यातलं फूल छान हाय म्हनते. आनि घरी जाते म्हनते."

तेव्हापासून ते सुरू झालं. सकाळी मावशी चूल पेटवायची, डाळ-तांदूळ चढवायची, आणि डाळ शिजेस्तोवर वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची. हर्षदा मराठीत सांगायची, मावशी तेच कातकरीत. तेच म्हणजे अगदी तेच नव्हे. पुस्तकात अननस आला तर ती म्हणायची, शहरात फणसाला झालेलं पोर. वजाबाकी आली की पाच खेकडे असायचे, आणि त्यातले दोन बिळात शिरायचे. पोरं हसायची आणि उरलेले तीन बोटांवर मोजायची. हर्षदा डीएडला दोन वर्षांत जे शिकली नव्हती ते ती दारातल्या त्या बाईकडून शिकत गेली.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. म्हणाले, "खिचडीवाल्या बाई वर्गात कशा? हे नियमात बसत नाही."

मावशी म्हणाली, "नियमात बसत नाय तर मी उभीच हाय, साहेब."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. पण त्या दिवसापासून मावशीनं उंबरठ्याच्या आत कधी पाय टाकला नाही. दारातच उभी राहायची, एक डोळा चुलीवर, एक डोळा पोरांवर.

ती स्वतः शाळेत चार दिवस गेली होती. हे तिनं हर्षदाला आता या वाटेवरच सांगितलं, करंजाच्या झाडाखाली पाणी प्यायला थांबल्या तेव्हा. संकष्टी होती. हर्षदानं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा तिला दिला.

"चारच दिवस? मग?"

"गुरुजींनी नाव इचारलं. मला ठाऊकच नाय, काय इचारतात ते. मी आपली गप. ते म्हनले, जा, भायेर बस. मी भायेर बसले. दुसऱ्या दिवशी गेले ती थेट भायेरच बसले. मला वाटलं, माझी जागा तीच." ती लाडवाचा तुकडा तोंडात धरून हसली. "चवथ्या दिवशी आईनं इचारलं, काय शिकली? मी म्हनलं, भायेर बसायला. मग आई मला मोळीला घेऊन गेली. बरी मोळी. मोळीला बोलावं लागत नाय."

मराठी ती उल्हासनगरात शिकली. कॅम्प दोनच्या बाजारात लाकडं विकायला जायची, पुढं जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसली. मालक सिंधी, कारागीर उत्तरेकडचे, शेजारच्या बायका साताऱ्याच्या. चारपाच वर्षांत तिन्ही भाषा तिच्या कानात उतरल्या. अजून कुणावर चिडली की "अरे साईं" म्हणायची, आणि खिचडीच्या वाट्या मोजताना हिकु, ब, टे असं सिंधीत मोजायची. पहिलीची पोरंही तसंच मोजायला शिकली होती. हर्षदानं ते कधी मोडून काढलं नाही.

धरणाचं पाणी वाढलं तशी त्यांची जुनी वाडी पाण्याखाली गेली आणि ती माघारी, नव्या वाडीवर आली. नवरा गेला. मुलगा सुकऱ्या मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि दिवाळी सरली की तो बायकोला घेऊन भट्टीवर जायला लागला. स्वप्नाली तीन वर्षांची असल्यापासून आजीच्या कमरेवर बसून वर्गाच्या दारात यायची. आजी कातकरीत सांगायची आणि बाई मराठीत, हे दोन्ही ऐकत ती वाढली. तिसरीत ती धडा असा वाचायची की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, बदलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमधली मुलगी वाचतेय. हर्षदाची ती लाडकी होती. शिक्षकानं असं बोलू नये, पण होती.

यंदा तिच्या आईला दिवस गेले होते. मदतीला म्हणून सुकऱ्या पोरीलाही भट्टीवर घेऊन निघाला. स्वप्नाली चौथीत होती.

शिक्षण हमी कार्ड असतं ते यासाठीच. पोर आईबापाबरोबर स्थलांतर करून गेली तर तिथल्या शाळेत हे कार्ड दाखवायचं, म्हणजे तिथले गुरुजी तिला तिच्या इयत्तेत बसवतात. हर्षदानं रात्री जागून सतरा कार्डं भरली, प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट आणलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी पालकांना शाळेत बोलावून वाटली. मावशीनं दारात उभं राहून ते सगळं कातकरीत समजावलं होतं. हा कागद लई मोलाचा, हा असला तर तुमच्या पोराला कुठलाबी गुरुजी हाकलणार नाय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढं काय झालं ते हर्षदाला दोन महिने कळलं नाही.

पौषात एकदा सहज म्हणून तिनं भट्टीजवळच्या शाळेत फोन लावला. तिथले संतोष सर म्हणाले, "आली होती मॅडम, पाचसहा पोरं. दारात उभी होती. मी विचारलं, कागद काय आहे? काही नव्हतं. म्हटलं, घेऊन या. ती परत आलीच नाहीत."

"अहो सर, कागद नसला तरी घ्यायचं असतं मुलांना."

"माहीत आहे हो. पण उद्या वरून कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागतं."

हर्षदा धावत खोपटात गेली. "मावशी, कार्डं कुठं गेली पोरांची?"

मावशीचा चेहरा उजळला. "चला, दावते."

तिच्या झोपडीत कोपऱ्यात हिरव्या देवाची, त्यांच्या घरदेवाची, मांडणी होती. तिच्या मागं, उंदीर पोचू नये म्हणून वर टांगलेला हा डबा. तिनं तो खाली काढला, देवाला हात लावला आणि झाकण उघडलं. वाडीतल्या घराघरांची रेशन कार्डं, आधार कार्डं, जातीचे दाखले, बाळांची डोसाची कार्डं, सगळं घडी करून ठेवलेलं. आणि सगळ्यांत वर प्लास्टिकच्या पाकिटांत सतरा हमी कार्डं, नवी करकरीत.

"एक पन हरवलं नाय, बाई. मोजून घ्या."

वाडीतली ही रीतच होती. भट्टीवर जाताना मोलाचा कागद कुणी बरोबर न्यायचा नाही. मुकादमाच्या हाती कागद लागला की तो स्वतःजवळ ठेवून घेतो, आणि मग मधेच निघावं म्हटलं तर माणूस निघू शकत नाही. चार घरांनी हे भोगलं होतं. तेव्हापासून लोक जाताना सगळे कागद चंद्रीमावशीकडं ठेवून जायचे. ती कुणाचा कागद कुणाला द्यायची नाही, आणि पावसाआधी लोक आले की ज्याचा त्याला परत करायची. बाईंनी स्वतः सांगितलं होतं की हा कागद सगळ्यांत मोलाचा. म्हणून तो सगळ्यांत वर ठेवला होता.

हर्षदा जमिनीवर बसली. म्हणाली, "मावशी, हे त्यांच्याजवळ असायला हवं होतं. या कागदाशिवाय पोरांना दारातूनच परत पाठवलं."

मावशी हळूच म्हणाली, "भायेर बसवलं?"

"बसवलंही नाही. परत पाठवलं."

मावशीनं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. इतक्या वर्षांत हर्षदानं तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ती तेव्हाही रडली नाही. फक्त म्हणाली, "माझ्याच तोंडानं सांगितलं मी त्यास्नी. आनि माझ्याच हातानं डब्यात ठेवलं." त्यानंतर तीन दिवस तिनं दारात येऊन एक शब्दही सांगितला नाही. चौथ्या दिवशी हर्षदानं किरकोळ रजा टाकली, शाळा जोडीच्या गुरुजींवर सोपवली, आणि मावशी बाकीचे कागद देवामागं काढून ठेवून डबा घेऊन निघाली.

करंजाखालून त्या उठल्या तेव्हा मावशी म्हणाली, "बाई, गुरुजी आता घेतील ना?"

"घेतील. मी बोलले आहे."

"दोन महिनं गेलं. पोरगी इसरली नसंल ना?"

"स्वप्नाली? ती काय विसरतेय."

संतोष सर शाळेच्या दारातच उभे होते. सरळ माणूस, थोडा घाबरट. त्यांनी त्या भट्टीवरच्या सहा पोरांची कार्डं घेतली, रजिस्टरमध्ये नावं लिहिली आणि मावशीला खुर्ची दिली. ती बसली नाही. सर म्हणाले, "आजी, उद्यापासून पाठवा. माझी चूक झाली." मावशी म्हणाली, "तुमची नाय, साहेब." उरलेली अकरा पोरं पलीकडच्या दोन भट्ट्यांवर होती. त्यांची कार्डं सरांनीच तिथल्या शाळांवर पोचवायची असं ठरलं.

हर्षदाला हलकं वाटलं. काम झालं होतं. आता नुसतं भट्टीवर जाऊन पोरांना भेटायचं आणि उद्या शाळेत जा म्हणून सांगायचं.

भट्टी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. विटांच्या रांगा, चिखलाचे खड्डे, धूर. पोरं थापलेल्या विटा उलटवत होती. हर्षदाला पाहून ती धावत आली आणि तिच्या पायांना बिलगली. स्वप्नाली त्यांच्यात नव्हती.

ती ट्रकजवळ उभी होती. अंगावर आईचा जुना ब्लाउज, केस धुळीनं तांबडे. एका बाजूला ट्रकचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला भट्टीचा हिशेब ठेवणारा मुनशी, समोर तिचा बाप आणि चार माणसं.

"ए मॅडम," मुनशी स्वप्नालीला म्हणाला, "बोल इनको, ये गाडी दो बजे के अंदर भरनी है. पीछे दूसरी गाडी खडी है."

स्वप्नालीनं ते कातकरीत सांगितलं. बाप काहीतरी बोलला. ती वळून हिंदीत म्हणाली, "बोलते हैं, एक आदमी को बुखार है. तीन बजे तक भरेंगे."

"अढाई बजे. बोल."

तिनं सांगितलं. माणसं कामाला लागली. मुनशीनं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि खिशातून एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "हमारी मॅडम," तो ड्रायव्हरला म्हणाला, "ये नहीं होती तो इन लोगों से माथा कौन लडाता?"

मग तिला आजी दिसली. ती धावली नाही. चालत आली, आजीच्या कमरेत तोंड खुपसून उभी राहिली. तिचे फुटलेले हात बघून हर्षदानं मान फिरवली.

"उद्यापासून शाळेत जायचं," हर्षदा म्हणाली. "सरांनी नाव लिहिलंय."

स्वप्नालीनं बापाकडं पाहिलं.

सुकऱ्या हात पुसत आला. आईच्या पाया पडला, बाईंना नमस्कार केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाकीची पोरं जातील, बाई. ही नाय."

"का?"

त्याला मराठी समजायची. आठ वर्षं तो पहिल्या बाकावरच्या पोरासारखा हर्षदाच्या सभांना येऊन बसत होता. पण साहेबापुढं, मुनशीपुढं, डॉक्टरपुढं त्याचं तोंड उघडत नसे. वाडीतल्या पुष्कळ माणसांचं तसंच होतं. आताही तो खाली बघून बोलला.

"गेल्या महिन्यात हिच्या आयच्या पोटात लई दुखलं. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई इचारते, कधीपासनं, कुठं, किती महिनं. आमी गप. तिथं पन ती वराडली आमच्यावर. हिनं सगळं सांगितलं म्हनून बाळ वाचलं." तो थांबला. "मुनशी बी आता ऐकतो. पयला शिव्याच द्यायचा. ही शाळंत बसली का आमचं कोन बोलनार?"

हर्षदाकडं कार्ड होतं, रजिस्टरमध्ये नाव होतं, कायदा होता. आणि समोर हा माणूस म्हणत होता, माझ्या बायकोचं बाळंतपण जवळ आलंय, आमचं कोण बोलणार?

"शाळा जवळच आहे," ती म्हणाली. "गरज लागली तर सर सोडतील तिला."

"रोज लागते, बाई," स्वप्नाली म्हणाली. अगदी मोठ्या माणसासारखी. "शाळेत असले तरी मुनशी हाक मारणारच."

"तुला जायचंय का शाळेत?"

आजीच्या पदराशी बोलल्यासारखं पोरीनं मान हलवली. "नाहा," ती म्हणाली. तिच्या बोलीत, नाही. आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

चंद्रीमावशी इतका वेळ रिकामा झालेला डबा काखेत धरून विटांच्या थराला टेकून बसली होती. आता उठली आणि तडक मुनशीकडं गेली.

"अरे साईं," ती म्हणाली, "गाडी का टाइम मेरे को बोल. छोकरी को काय को बोलता है?"

मुनशी दचकला. "तू कौन है अम्मा?"

"मैं इसकी माँ," सुकऱ्याकडं बोट. "बीस साल कॅम्प दो में काम किया. तेरे से बडे बडे सेठ लोग से बात किया है. अभी मैं इधर रहेगी. जो बोलना है मेरे को बोल. गाली बकना है तो वो भी मेरे को. मेरे को वापस देने को आती है."

ड्रायव्हर पोट धरून हसला. मुनशीही हसला. "ठीक है, अम्मा. हम को क्या?"

सुकऱ्या कातकरीत काहीतरी बोलला, जोरात. मावशी त्याच्याशी बोलली. बराच वेळ दोघांचं चाललं. हर्षदाला त्यातले काही शब्द कळले: पाय, खोकला, धूर. तो आईला नको म्हणत होता. या वयात ती इथं विटांच्या धुरात कशी राहणार? शेवटी तो बाजूला जाऊन पाठ करून उभा राहिला.

"मावशी, हे काय करताय?" हर्षदा म्हणाली. "इथं राहून तुमचं काय होईल? आणि शाळेतलं काम?"

"खिचडी बनूबाई करंल. मी करत होते तवा ती माझ्या हाताखाली होतीच. तिचंच नाव लावा." बनूबाई म्हणजे मावशीची शेजारीण. "स्वप्नी तिच्याकडंच झोपंल. बनूला कुनी नाय, तिला बी बरं."

"पण तिला इथल्याच शाळेत घालू. तुम्ही आहात ना बोलायला."

"इथं ऱ्हायली का कामाला लागनार, बाई. हात बघितलं ना तुमी? शाळा सुटली का विटा. आनि माझं तोंड थकलं का परत हिलाच हाक. नाय. तुमी घेऊन जा. आज, आताच. सुकऱ्याचं मन फिरायच्या आत."

स्वप्नालीचे कपडे एका पिशवीत मावले. आई झोपडीच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती. तिनं लेकीच्या केसांना पाणी लावून दोन वेण्या घालून दिल्या. भट्टीवरच्या बाकी पाच पोरांना मावशीनं रांगेत उभं केलं आणि उद्या शाळेत कसं जायचं, गुरुजींनी नाव विचारलं तर काय म्हणायचं, ते त्यांच्याकडून दोन-दोनदा म्हणून घेतलं. नाव मराठीत, गावाचं नाव मराठीत, आणि बाहेर जायचं असलं तर काय विचारायचं तेही मराठीत. हर्षदा ते लांबून बघत होती.

वाडीवरच्या शाळेत भट्टीवर न गेलेली पहिलीची सहा पोरं अजून होती. उद्या ती भिंतीला पाठ लावून बसतील आणि दारात कुणी नसेल. आठ वर्षांत हर्षदा स्वतः ती बोली शिकली नव्हती. शिकायची वेळच आली नव्हती, मावशी होती ना. आता काय करायचं, या विचारासरशी तिची नजर स्वप्नालीवर गेली. कातकरी येते, मराठी येते, लहान पोरांशी गोड बोलते. देवानंच वाट काढली, असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा. दोन वेण्या घातलेली ती पोर पिशवी छातीशी धरून उभी होती.

चंद्रीमावशी त्यांना वाटेपर्यंत सोडायला आली. ऊन कललं होतं. जाताना रिक्षा करा म्हणाली, पोरगी दमलीय. तिनं नातीला जवळ घेतलं नाही, नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं. स्वप्नाली दहा पावलं गेली. मग मावशीनं हर्षदाचा हात धरला. आठ वर्षांत तिनं कधी धरला नव्हता.

"बाई, एक मागनं हाय तुमच्याकडं."

"बोला ना, मावशी."

"पहिलीच्या पोरांना समजावून सांगायला हिला बोलावू नका. तुमी बोलावनार, मला ठाऊक हाय. तुमच्या डोळ्यांत बघितलं मी आता." तिनं हात घट्ट केला. "तुमचं अडंल. लई अडंल. तरी बोलावू नका. तिला चौथीच्या बाकावर बसवा, पुस्तक द्या, आनि कुनाचं काय बी सांगायला लावू नका. तिला नुसतं शिकू द्या, बाई."